बोलून ठेवलंय

परवा एका लग्नात लांबच्या एका पाहुण्यानं मला विचारलं, "आबांचा आवाज येत न्हाई हल्ली घाटात. सोडलं का काय त्यांनी?" मी म्हटलं, "हो, सोडलं." हातातली मठ्ठ्याची वाटी त्याच्या अंगावर ओतावी असं वाटलं होतं, पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? ज्यांचा दोष होता ते फेटे बांधून पहिल्या रांगेत बसले होते आणि नवऱ्या मुलाच्या बापाला कुठल्याशा दाखल्यासाठी कुणाशी बोलायचं ते समजावून सांगत होते.

आबा म्हणजे माझे वडील, आणि घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा घाट. मुळशी, मावळ, खेड, कुठलीही जत्रा असो, माइक आबांच्या हातात असायचा. गाडा खालून सुटून वर निशाणापर्यंत पोचतो तो डोळ्याचं पातं लवेपर्यंत, पण तेवढ्यात आबा बैलांचं घराणं, मालकाचं गाव, मागल्या जत्रेत कुणाची कशी जिरली होती, सगळं सांगून मोकळे व्हायचे. माणसं शर्यत बघायला यायची तशी आबांना ऐकायलाही यायची. घरीसुद्धा ते तसेच. चहा पिताना बोलणार, अंघोळ करताना बोलणार, झोपेतही गाडा पळवतात असं आई म्हणायची. लहानपणी मला त्या आवाजाची लाज वाटायची. शाळेच्या फाटकातून त्यांनी हाक मारली की अख्खी शाळा वळून माझ्याकडे बघायची.

आमचं गाव माण. जमिनी आयटी पार्कात गेल्या आणि आमच्याकडे ओळखी आल्या. शेतात भात होता तोवर आम्हाला तालुक्याच्या गावी कुणी खुर्ची देत नव्हतं. नंतर लोक आबांना दारापर्यंत पोचवायला येऊ लागले. आबांनी त्या ओळखी दुभत्या म्हशींसारख्या सांभाळल्या. दिवाळीला फराळ, आंब्याच्या दिवसांत पेटी, कुणाच्या आईच्या दहाव्याला न चुकता हजेरी. गावातलं कुणी आजारी पडलं की ते आधी आमच्या पोर्चमध्ये यायचं. आबा फोन लावायचे. "साहेब, माणूस आपला हाय, जरा बघा." मग फोन खाली ठेवून समोरच्याला म्हणायचे, "जा बिनघोर. बोलून ठेवलंय." हे शब्द ऐकले की माणसाचा अर्धा आजार तिथंच बरा व्हायचा, अंगारा लावल्यासारखा.

ह्याला कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. माझी एक आत्या होती, ती मी कधी पाहिली नाही. पहिल्या बाळंतपणात ती अडली. आबा तिला टेम्पोत घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले आणि टोपी हातात धरून व्हरांड्यात उभे राहिले. कुणी विचारलं नाही. मागून आलेला एक पेशंट कुणाची तरी चिठ्ठी दाखवून आत गेला. आत्यानं बाहेरच्या बाकावरच जीव सोडला. आबा ही गोष्ट सांगताना एवढंच म्हणायचे, "आमाला कुणी वळखत न्हवतं, म्हणून ती गेली." घाटात तासन्‌तास बोलणारा माणूस त्यापुढं एक शब्द बोलायचा नाही. त्यामुळे त्यांच्या फोनांना मी कधी हसले नाही.

आबांचं बघून माझा मोठा भाऊ आणि माझे काकाही तेच शिकले. बाकावरची आत्या तेवढी त्यांच्या ध्यानात राहिली नाही. दादा प्लॉटच्या व्यवहारांत आहे. काका एकदा सरपंच झाले होते आणि तो वास अजून त्यांच्या अंगाला आहे. दोघांच्या ओळखी वेगवेगळ्या. कुणाचा शब्द कुठं चालतो ह्यावरून दोघांत जेवताना चढाओढ लागायची, आणि आबा त्याच्यात कौतुकानं तेल ओतायचे. तेव्हा ती घरातली गंमत होती.

मी लग्न होऊन कासारवाडीला आले, आणि नोकरीला चाकणच्या एका कंपनीत आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं. माझं काम सेफ्टीचं. त्यात अधूनमधून एक खोटा अपघात घडवायचा असतो. एखाद्या कामगाराला लाल रंग फासून मशीनशेजारी झोपवायचं, भोंगा वाजवायचा आणि बाकीचे काय करतात ते बघायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. सुपरवायझरनं ठेकेदाराला फोन केला, ठेकेदारानं त्याच्या मेहुण्याला, एचआरनं हेड ऑफिसला, आणि कुणीतरी स्थानिक भाऊंना. ॲम्ब्युलन्स येऊन गेटवर उभी होती, कारण तिला आत सोडा हे सिक्युरिटीला सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. जखमी झालेला कामगार हसून हसून उठून बसला. "मॅडम, मेलो असतो की राव," म्हणाला.

मग मी कारखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: फोन एकच जण करेल, हॉस्पिटल एकच ठरेल, बाकीच्यांनी रस्ता मोकळा ठेवावा. लोकांनी चेष्टा केली. नाटकाला एवढी शिस्त कशाला, म्हणाले. पण पुढच्या खेपांना सगळं सुरळीत होऊ लागलं. एक जण फोन करायचा, एक गेटवर पळायचा, एक ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरला घडलेलं सांगायचा, आणि हॉस्पिटलातले लोक स्ट्रेचर घेऊन बाहेर येऊन थांबायचे. मला अभिमान वाटायचा. माझ्या कंपनीतला खोटा जखमी अगदी सुखरूप हॉस्पिटलात पोचायचा.

आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. अशाच एका गुरुवारी मी माहेरी गेले होते. सकाळची वेळ, आबा पोर्चमध्ये झोपाळ्यावर बसून बशीतून चहा पीत होते आणि मला एका खिलार बैलाची गोष्ट सांगत होते. मालकानं विकला, नव्या मालकाकडं तो चारा खाईना, म्हणून परत आणला, आणि त्याच वर्षीच्या जत्रेत त्यानं सगळ्यांना मागं टाकलं. "आणि त्याचं नाव काय होतं म्हाईत हाय का," आबा म्हणाले, "त्याचं नाव..." आणि थांबले. मला वाटलं, रंगवून सांगायचंय म्हणून थांबलेत. ते नेहमीच असं करायचे. "त्याचं..." ते पुन्हा म्हणाले, आणि बशी कलंडली. चहा धोतरावर सांडला. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, दुसऱ्या कुणाचा हात चुकून आपल्या मांडीवर राहिला असावा तसं. मग ओठांची एक बाजू खाली ओघळली.

आई धावत आली. म्हणाली, "पहाटंपासून हात जड वाटतोय म्हणत व्हते. मी म्हनलं वायू धरला आसंल." मी सरकारी ॲम्ब्युलन्सला फोन केला. एकदाच केला, पत्ता नीट सांगितला, लकवा वाटतोय म्हणून सांगितलं, मेट्रोच्या खांबांपाशी आमच्या गल्लीची खूण दिली. ॲम्ब्युलन्स आली, आणि आम्हाला वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी आली. सरकारी व्यवस्थेच्या नावानं बोटं मोडणाऱ्या सगळ्यांना मला हे सांगायचं असतं. त्या दिवशी जी काही व्यवस्था होती तिनं तिचं काम चोख केलं.

गाडीतला डॉक्टर कोवळा होता, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. त्यानं आबांना हात उचलायला लावलं, हसायला लावलं, आणि पहाटेपासूनचं ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला. "ताई, डोक्यातली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतंय," तो म्हणाला. "पण ते वेळेतच द्यावं लागतंय, आणि आधी सिटी स्कॅन लागतंय. पहाटेपासून मोजलं तर आपल्याकडं लई वेळ राहिला नाही. इंजेक्शन मिळालं तर ह्यांचं बोलणं परत यायचा चान्स आहे." असं म्हणतच त्यानं फोन लावला आणि वाकडच्या पुलापलीकडच्या एका हॉस्पिटलशी बोलला. पेशंटचं वय, काय झालंय, किती वेळात पोचू. तिकडून त्यांनी मशीन मोकळं ठेवतो म्हणून सांगितलं. माझ्या भिंतीवर रंगवलं होतं तसं सगळं चाललं होतं. मला धीर आला.

दादा घरातून फोनवर बोलतच आला आणि ड्रायव्हरशेजारी बसला, मी मागं आबांपाशी. काका मागच्या घरातून त्यांची पांढरी मोठी गाडी घेऊन आले आणि ॲम्ब्युलन्सच्या पुढं लागले. मंत्र्याच्या पुढं पोलिसांची गाडी असते तशी आमच्याकडं पेशंटच्या पुढं पाहुण्यांची गाडी असते. चारी दिवे लुकलुकत ठेवायचे, हॉर्नवरचा हात काढायचा नाही, आणि खिडकीतून एकानं हात बाहेर काढून लोकांना बाजूला व्हायला सांगायचं. मोठ्या माणसाला मानानं नेतात ते असं. हिंजवडीच्या गर्दीत त्याचा उपयोग झालाही, मी नाकारत नाही.

वाकडच्या पुलाशी तीन वाटा फुटतात. सरळ गेलं की ते जवळचं हॉस्पिटल, उजवीकडे बाणेर, डावीकडे भूमकर चौकातून चिंचवड. काकांची गाडी उजवीकडे वळली. आमच्या ड्रायव्हरनं सरळ घेतली. पुढं जातोय तोच समोरून, रस्त्याच्या उलट्या बाजूनं, चारी दिवे लुकलुकवत काकांची गाडी आली आणि ॲम्ब्युलन्सला आडवी लागली. जी गाडी रस्ता मोकळा करायला निघाली होती, तिनंच रस्ता अडवला.

काका उतरले. "तिकडं कुठं निघालाय? मी बाणेरला बोलून ठेवलंय. मोठे डॉक्टर दारात उभे हायत."

दादा पुढच्या सीटवरून खाली उतरला. "काका, मी चिंचवडला बोललोय की. त्यांनी दुसरा पेशंट थांबवलाय आपल्यासाठी. आता त्यांना न्हाई कसं म्हणायचं?"

डॉक्टरनं मागचं दार उघडलं. "काका, समोर दिसायलंय ते हॉस्पिटल. मी कळवलंय, मशीन मोकळं ठेवलंय. पहिलं तिथं नेऊ, नंतर कुठंही हलवा."

काकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तिथं आपलं कोण हाय?"

तिथं आमचं कुणीच नव्हतं. तिथं एक मोकळं मशीन होतं आणि एक इंजेक्शन होतं, बस. मी ओरडले. काका, गाडी बाजूला घ्या, वेळ चाललाय, आबांचं बोलणं जाईल. काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू गप गं. ही तुजी कंपनी न्हाई." तेवढ्यात माझा फोन वाजला. माझे यजमान. आईनं त्यांना कळवलं असणार. म्हणाले, "काळजी करू नकोस, नाशिक फाट्याच्या हॉस्पिटलात मी बोलून ठेवलंय. तिकडेच आणा." मी हसले. रस्त्यात, वडील स्ट्रेचरवर असताना, मी मोठ्यानं हसले, आणि फोन बंद केला.

दादा एका फोनवर, काका दुसऱ्या फोनवर. ज्यांच्याशी आधी बोलून ठेवलं होतं त्यांच्याशी पुन्हा बोलत होते, निघालोच म्हणून सांगत होते. एकाच माणसासाठी तीन हॉस्पिटलांत लोक दाराशी थांबले होते, चौथ्यातही बोलून झालं होतं, आणि तो माणूस पुलाखाली आडव्या गाडीमागं पडून होता. मागं गाड्यांची रांग लागली होती. कुणीतरी शिव्या देत होतं.

आबांनी डाव्या हातानं स्ट्रेचरची दांडी पकडली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. "च," ते म्हणाले. "च... चला."

स्पष्ट म्हणाले. डॉक्टरनं ऐकलं, मी ऐकलं. दादानंही ऐकलं, कारण तो फोन कानाला तसाच ठेवून वळला आणि म्हणाला, "हो आबा, एकच मिनिट. ठरतंय आता."

"चला," आबा म्हणाले. "चला. चला."

"आहो, बाबा म्हणायलेत ते तरी ऐका," डॉक्टर म्हणाला.

शेवटी दादाचं चाललं. तो मुलगा, आणि ड्रायव्हरशेजारी बसलेलाही तोच. काका ताडताड पाय आपटत गाडीत बसले आणि बाणेरच्या दिशेनं निघून गेले. समोर दिसणाऱ्या हॉस्पिटलची पाटी मला काचेतून दिसत होती. आम्ही तिच्याकडे पाठ फिरवली आणि डांगे चौकाच्या कोंडीत जाऊन अडकलो. त्या कोंडीत आबा शांत झाले. मी त्यांच्याशी बोलत राहिले, त्या बैलाचं नाव काय होतं ते विचारत राहिले. ते माझ्याकडे नुसते बघत होते.

आम्ही कोंडीत असताना काकांनी काय केलं ते त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं, आणि कौतुकानं सांगितलं. त्यांनी बाणेरच्या ओळखीच्या साहेबाकडून चिंचवडला वरून फोन करवला. पेशंट तिकडं येत नाही, बाणेरला चाललाय, वाट बघू नका. चिंचवडला कुणी घेतलं नाही की दादाला झक मारत आपल्याकडं वळावं लागेल, असा त्यांचा हिशेब. गावच्या राजकारणात उमेदवाराला असंच पाडतात, आणि काकांनी आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही.

चिंचवडच्या कॅज्युअल्टीत काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हे पेशंट बाणेरला गेले ना? कॅन्सलचा फोन आला होता." जे डॉक्टर आमच्यासाठी थांबले होते ते दुसरीकडे गेले होते. स्कॅनच्या मशीनवर दुसऱ्याच कुणाला तरी घेतलं होतं, तोही जिवावरच्या दुखण्यानं आलेला, त्याला कसं उतरवणार? दादा घामाघूम होऊन पुन्हा फोनला लागला. मी स्ट्रेचरची दांडी धरून उभी राहिले. तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या डॉक्टरचा फोन वाजला. तो बोलला, आणि फोन ठेवून माझ्याकडं न बघता म्हणाला, "पहिल्या हॉस्पिटलचा होता. पेशंट कुठं राहिला म्हणून विचारायलेत. मशीन अजून मोकळंच ठेवलंय म्हणे." मग त्याला दुसऱ्या कॉलवर जावं लागलं. जाताना त्यानं आबांचं पांघरूण नीट केलं.

स्कॅन झाला. डॉक्टर आले, त्यांनी वेळ विचारली, पहाटेपासूनची मोजली. इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. "जिवाला धोका टळेल," ते म्हणाले. "बोलण्याचं मात्र सांगता येत नाही. थोडं आधी आणायला हवं होतं." दादानं मान हलवली. "ट्रॅफिक लई होतं साहेब," तो म्हणाला.

आबा वाचले. घरी आल्यावर माणसांची रीघ लागली आणि प्रत्येकाला ही गोष्ट सांगितली गेली. दादाच्या गोष्टीत चिंचवडच्या ओळखीनं आबा वाचले. काकांच्या गोष्टीत त्यांचे बाणेरचे साहेब दिवसभर फोनवर होते म्हणून सगळं नीट झालं. माझ्या यजमानांच्या गोष्टीत नाशिक फाट्याला आणलं असतं तर आज आबा घाटात बोलत असते. वाकडच्या पुलापलीकडचं हॉस्पिटल कुणाच्याच गोष्टीत नव्हतं. आबा झोपाळ्यावर बसून तिन्ही गोष्टी ऐकायचे. त्यांना सगळं कळतं. कोण खोटं बोलतंय तेही कळतं, चेहऱ्यावर दिसतं. सांगता येत नाही, एवढंच.

त्यांच्याकडे आता एकच शब्द आहे. चहा हवा असला तरी चला, लघवीला जायचं असलं तरी चला, आईवर चिडले तरी चला, नातवाला जवळ घेतलं तरी चला. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्याला येतात. त्या म्हणाल्या, असं होतं, कधीकधी एखादाच शब्द मागे राहतो, तोच का ते सांगता येत नाही. हा शब्द कुठून आला ते मला माहीत आहे. तो वाकडच्या पुलाखालून आलाय.

एकदा मी दादाला सोडलं नाही. म्हटलं, समोर दिसत होतं रे हॉस्पिटल, तुला दिसत होतं. तो रडायला लागला. म्हणाला, "मी काय वैरी हाय का त्यांचा? तिथं आपल्या वळखीचं कुणी न्हवतं. काय कमीजास्त झालं आसतं तर कुणाला धरायचं व्हतं आपण?" मला त्याची दया आली नाही. कमीजास्त झालंच होतं, आणि एवढ्या ओळखीपाळखीत धरायला कुणीच सापडलं नव्हतं.

त्यानंतरचा असाच एक गुरुवार. काका आमच्याकडे आले होते, पोर्चमध्ये खुर्चीवर बसून दादाशी कुठल्या तरी रस्त्याच्या कामाबद्दल बोलत होते. बोलता बोलता त्यांनी छातीवर हात ठेवला. चेहरा घामानं डबडबला, ओठ पांढरे पडले. "काय न्हाई, पित्त हाय," म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं खिशातला फोन काढू लागले. दादानं आपला फोन केव्हाच कानाला लावला होता.

तेवढ्यात झोपाळ्याची कडी खणखणली. आबा डाव्या हातानं साखळी हलवत होते. "चला!" ते ओरडले. "चला! चला!" त्या दिवसानंतर पहिल्यांदाच त्यांचा घाटातला आवाज निघाला होता, रस्त्यावरून जाणारी माणसं वळून बघावीत एवढा.

"हो आबा," दादा म्हणाला. "एक मिनिट, तेवढं बोलून घेतो."

त्याला काय म्हणायचं होतं ते आबांना कळलं, आणि आबांना काय म्हणायचं होतं ते त्यालाही कळलं होतं. मी तिथं थांबले नाही. आई आणि मी काकांना दोन बाजूंनी धरलं आणि माझ्या लहानशा गाडीत कोंबलं. काका फोन लावायला बघत होते. मी तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला आणि आबांच्या मांडीवर टाकला. वाटेत मी त्या हॉस्पिटलला फोन केला, एकदाच, आणि छातीत कळ आलेला पेशंट आणतेय म्हणून सांगितलं. वाकडचा पूल आला. मी सरळ गेले. दारात कुणी मोठे डॉक्टर नव्हते. एक वॉर्डबॉय खुर्ची घेऊन उभा होता. त्यानं काकांना बसवलं आणि आत पळवलं. आपण कोण, कुठले, कुणाचे, हे कुणी विचारलं नाही. नाव विचारलं, तेही आत गेल्यावर.

काका वाचले. चार दिवसांनी घरी आले, आठवड्यानं झोपाळ्यापर्यंत चालत आले. बघायला आलेली माणसं होतीच. काकांनी त्यांना सांगायला सुरुवात केली. मी गाडीत असतानाच पोरानं इकडून फोन लावला, साहेबांनी वरून शब्द टाकला, म्हणून तर डॉक्टर नुसते धावत आले, न्हाईतर त्या हास्पिटलात आपल्याला कोण विचारतंय? माणसं माना हलवत होती. दादा खाली बघत होता.

आबांनी काकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, देवा, ह्या वेळी येऊ दे, काहीही येऊ दे, शिवी येऊ दे, त्या बैलाचं नाव येऊ दे.

"चला," आबा म्हणाले.

काका प्रेमानं पुढं वाकले. त्यांनी आबांचा निकामी हात आपल्या हातात घेतला.

"कुठं जायचं हाय आबा?" ते म्हणाले. "सांगा की. म्या बोलून ठेवतो."